मालागात एकच दिवस आहे? मग ऊन बघून प्लॅन करा

पुण्यातून स्पेनला जाणाऱ्यांचा रूट ठरलेला असतो, बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिया, ग्रानादा, आणि मग कुठेतरी मध्ये एक दिवस उरतो म्हणून मालागा. पॅकेजवाले तर बस थांबवतात, चर्च बाहेरून दाखवतात आणि दोन तास शॉपिंगला सोडून देतात, त्यात काय दिसणार डोंबल. अख्खा दिवस दिलात तर मात्र हे शहर मस्त बघून होतं, कारण जवळजवळ सगळं चालत वीस-पंचवीस मिनिटांच्या आत आहे. फक्त काय किती वाजता करायचं तेवढं नीट ठरवायला लागतं.

आणि आपले लोक नेमके तिथेच फसतात. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे लावलेलं आहे. बराचसा देश ग्रीनिचच्या पश्चिमेला, पण वेळ मध्य युरोपची, वर उन्हाळ्यात अजून एक तास पुढे, त्यामुळे जूनमध्ये मालागात सूर्य डोक्यावर येतो तो साधारण सव्वादोनला. पुण्यात तो साडेबाराच्या आसपास येतो. म्हणजे आपण घरी जे "बारा ते चार उन्हात फिरू नका रे" म्हणतो ते तिथे दोन ते सहा असतं. सकाळी दहाला ऊन अजून कोवळं असतं आणि रात्री साडेनऊला चक्क उजेड असतो. हॉटेलात साडेदहापर्यंत ब्रेकफास्ट करत बसलात आणि मग सावकाश आवरून तीनला किल्ला चढायला निघालात तर वाट लागलीच समजा. त्यातून तेराल सुटला असेल, म्हणजे आतल्या बाजूने येणारा कोरडा गरम वारा, तर विचारूच नका, त्या दिवशी मालागेन्यो लोकसुद्धा खिडक्या लावून घरात बसतात.

तर आधी पोचायचं कसं ते पटकन. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून एव्हीई ही फास्ट ट्रेन साधारण अडीच तासात मालागाच्या मारिया झांब्रानो स्टेशनला आणते. ग्रानादाहून बस सोपी पडते, पावणेदोन-दोन तास धरा, आणि बसस्टँड ट्रेन स्टेशनला लागूनच आहे. स्टेशनवर लॉकर आहेत, बॅगा तिथे टाका, कारण जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून चार चाकांची बॅग खडखडवत फिरण्यात काही मजा नाही. विमानाने आलात तर एअरपोर्टवरून सी-१ नावाची लोकल आहे, दहा-बारा मिनिटात सेंत्रो अलामेदा स्टॉपला उतरा की शहर समोरच. टॅक्सीची गरज नाही. शेंगेन व्हिसा तर लागतोच, तो तुम्ही माद्रिद-बार्सिलोनासाठी काढलेला असेलच.

सकाळ. आठ-सव्वाआठला चुरोस, म्हणजे तळलेल्या पिठाचा पदार्थ, खायला जा. इथले चुरोस गोल वेटोळ्याचे, हलके आणि आतून पोकळ असतात, स्थानिक लोक त्यांना तेहेरिंगोस म्हणतात, बरोबर कपात घट्ट चॉकलेट येतं, ते प्यायचं नसतं, त्यात बुडवून खायचं असतं. मार्केटजवळ कासा आरांदा आहे, १९३२ पासूनचं, आजूबाजूची अर्धी गल्ली त्यांच्याच टेबलांनी भरलेली असते.

कॉफीची इथे एक वेगळीच भानगड आहे. नुसतं "कॉफी" म्हणालात तर वेटर पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहतो. मालागात दुधाच्या प्रमाणानुसार प्रत्येक कॉफीला वेगळं नाव आहे, काळी ती सोलो, निम्मी दूध निम्मी कॉफी ती मिताद, थोडीशी कॉफी आणि बाकी दूध ती सोम्ब्रा, आणि दुधाला नुसता रंग येण्यापुरती कॉफी ती नुबे. बऱ्याच ठिकाणी भिंतीवर टाइलमध्ये पेल्यांची चित्रंच असतात, बोट दाखवलं की काम होतं. आपल्याकडच्या दुधाळ कॉफीची सवय असेल तर सोम्ब्रा मागा, घरच्या ज्येष्ठांना नुबे.

नऊला अल्कासाबाचं गेट उघडतं तेव्हा तुम्ही तिथे हजर पाहिजे. हा अकराव्या शतकातला मुस्लिम राजवटीतला किल्ला-कम-राजवाडा, आणि मला विचाराल तर शहरातली सगळ्यात भारी गोष्ट हीच. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, वरच्या हिब्राल्फारो किल्ल्यासकट जोड तिकीट मिळतं ते घ्या. आत शिरलात की रस्ता सरळ जातच नाही, दरवाजा आला की काटकोनात वळतो, पुन्हा दरवाजा, पुन्हा वळण, आपल्या गडांच्या गोमुखी दरवाजासारखीच युक्ती, शत्रूला धावत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून. किल्ले बघायची सवय असलेल्या मराठी माणसाला हे समजावायला गाइड लागत नाही. एका दरवाजात नीट बघा, कमानीला लावलेले संगमरवरी खांब रोमन आहेत, खाली पायथ्याशी जे रोमन थिएटर आहे तिथले उचलून वापरलेत. आत वर गेल्यावर छोटे छोटे चौक, मध्ये हौद, फरशीत कोरलेल्या पन्हळीतून वाहणारं पाणी, आणि संत्र्यांची झाडं. सकाळी तिथे पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, अकरानंतर क्रूझवाल्यांचे ग्रुप आले की फक्त गाइडचे आवाज. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी महापालिकेच्या इमारतीच्या मागच्या अंगाला लिफ्ट आहे, बंद असू शकते म्हणून आधी चौकशी करा.

खाली उतरलात की रोमन थिएटर फुकटात बघून होतं. पहिल्या शतकातलं आहे आणि ते सापडलं १९५१ मध्ये, तेही त्याच्यावर सरकारी सांस्कृतिक भवन बांधून झाल्यावर! ती इमारत शेवटी १९९५ मध्ये पाडली. पंधरा मिनिटं पुरे.

आता हिब्राल्फारो. वरच्या टेकडीवरचा हा किल्ला चौदाव्या शतकातला, अल्कासाबापासून तटबंदीने जोडलेला दिसतो, पण आतून रस्ता नाही, बाहेर पडून पुन्हा चढायला लागतं. रोज पर्वती चढणाऱ्यांना काही वाटणार नाही, बाकीच्यांनी सरळ ३५ नंबरची बस पकडावी, ती वर दारात सोडते, आणि उतरताना पायी यावं. वर बघायला महाल वगैरे काही नाही, तटावरून चालायचं आणि खाली बंदर, गोल बुलरिंग, कॅथेड्रल आणि पलीकडे निळाशार भूमध्य समुद्र बघायचा. १४८७ मध्ये स्पेनच्या ख्रिश्चन राणी-राजा इझाबेला आणि फर्दिनांदच्या सैन्याने महिनोनमहिने वेढा घातला तेव्हा शहर शेवटी उपासमारीने पडलं, तटावर उभं राहिलं की वेढा का लांबला ते लक्षात येतं. वेळ कमी असेल तर आतला फेरफटका सोडा, वाटेवरच्या व्ह्यू पॉइंटवरूनही बराचसा तोच नजारा मिळतो.

बाराच्या सुमारास खाली या. कॅथेड्रलचं काम १५२८ ला सुरू झालं आणि १७८२ ला थांबलं, म्हणजे संपलं नाही, थांबलं, दोनपैकी एक मनोरा अर्धवटच राहिला. बाहेरून बघून पुढे जाल तरी चालेल असं माझं मत, चर्च सेव्हियाचं आत जाऊन बघा. त्यापेक्षा अतारासानास मार्केट चुकवू नका. मूळचं चौदाव्या शतकातलं जहाजबांधणीचं आवार, त्याची एक संगमरवरी कमान अजून तशीच उभी आहे आणि तिच्यामागे एकोणिसाव्या शतकातला लोखंडी मंडई हॉल जोडलाय, मागच्या भिंतीवर प्रचंड मोठी रंगीत काच. आपली मंडई आवडणाऱ्यांनी इथे अर्धा तास तरी घालवावाच. ऑलिव्ह, सुके अंजीर, बदाम, मासळीचा अख्खा विभाग. पण दुपारी दोनच्या आसपास आवराआवर सुरू होते आणि रविवारी बंद, म्हणून हे जेवणानंतर ढकलू नका.

जेवण दोनलाच. बाराला जेवायला गेलात तर किचन बंद, साडेचारनंतर गेलात तरी बंद, ते थेट रात्री आठ-साडेआठला उघडणार. दुपारी दुकानं बंद ठेवण्यावरून पुणेकरांना जगभर ऐकून घ्यावं लागतं, तर इथे येऊन जरा समाधान मानून घ्या.

शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, पण डोळे उघडे ठेवायचे. पहिली ऑर्डर बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या, वांग्याचे काप तळून त्यावर चक्क काकवी घालतात, उसाचीच, याच भागात बनते. दुसरी अहोब्लांको, बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं थंडगार सूप, वर द्राक्षं, मे ते सप्टेंबर हे नाही खाल्लं तर मग काय खाल्लं. तोर्तीया म्हणजे मेक्सिकन पोळी नव्हे, अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट. क्रोकेतास म्हणजे तळलेल्या रोलमध्ये बहुतेक हॅम असतं, मिक्स सॅलडमध्ये न सांगता ट्यूना येतो, आणि "शाकाहारी" म्हटल्यावर हॅम म्हणजे मांस थोडीच असं मानणारा वेटर भेटू शकतो, म्हणून "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो", म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नको, असं तिन्ही म्हणा. वांगी तळतात ते तेल मासळीचंही असू शकतं, कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं. आणि ग्रानादात ड्रिंकबरोबर टापा, म्हणजे खाण्याची छोटी डिश, फुकट येतो म्हणून इथे तशी वाट बघत बसू नका.

ज्यांना चालते त्यांनी अलामेदावरच्या आंतिग्वा कासा दे ग्वार्दियात एक ग्लास गोड मालागा वाइन घ्यावी. १८४० पासूनचं दुकान, भिंतीला लाकडी पिंपांची रांग, खुर्च्या नाहीत, उभ्यानेच प्यायची, आणि बिल खडूने तुमच्या समोर काउंटरच्या लाकडावर लिहितात, पैसे दिले की ओल्या फडक्याने पुसून टाकतात.

साडेतीन ते साडेपाच ही भर उन्हाची वेळ चित्रकार पिकासोच्या म्युझियमला द्या, तिथे एसी असतो हे पण एक कारण आहेच. पिकासो इथलाच, २५ ऑक्टोबर १८८१ ला प्लाझा दे ला मेर्सेदवरच्या घरात जन्मला आणि दहा वर्षांचा व्हायच्या सुमारास कुटुंब शहर सोडून गेलं. म्युझियम २००३ मध्ये उघडलं, सोळाव्या शतकातल्या बुएनाविस्ता वाड्यात, चित्रं मुख्यतः त्याच्या सुनेने आणि नातवाने दिलेली. गेर्निका हे त्याचं प्रसिद्ध चित्र इथे नाही बरं का, ते माद्रिदला, उगाच शोधत बसाल. तळघरात जायला विसरू नका, पाया खणताना सापडलेले फिनिशियन काळातले अवशेष तिथे ठेवलेत. जन्मघर वेगळं आहे, ते एका दिवसात नाही जमलं तरी चालतं, चौकातल्या बाकावर पिकासोचा पुतळा बसलाय त्याच्याशेजारी फोटो काढा आणि निघा. रविवार असेल तर शेवटचे दोन तास म्युझियम फुकट असतं, आणि अल्कासाबा दोननंतर फुकट, पण रविवारी दुपारी दोनला किल्ला चढायचा म्हणजे वाचलेले युरो थंड पाण्याच्या बाटल्यांवर जाणार. बाटली घरून न्या, नळाचं पाणी पिता येतं, चव तेवढी जड लागते.

सहानंतर समुद्र. मुएये उनो या बंदराच्या कडेने चालत गेलात तर पोंपिदू या कला म्युझियमचा रंगीबेरंगी काचेचा क्यूब लागतो, बाहेरून बघितला तरी पुरे, आणि पुढे ला मालागेता बीच. वाळू काळसर करडी आहे, पाणी ऑगस्टमध्येसुद्धा गार, कारण जिब्राल्टरमधून अटलांटिकचं पाणी आत येतं. सगळे तिथेच थांबतात. तुम्ही ११ नंबरची बस पकडा आणि पेद्रेगालेहोला उतरा, किंवा अजून पुढे एल पालोला. पूर्वीच्या कोळीवाड्यांची बुटकी घरं, त्यांच्या दारातच बीच, आणि बीचवर ओळीने चिरिंगितो, म्हणजे खाण्याचे शॅक.

इथे एस्पेतो खायचे. जुनी होडी वाळूने भरून त्यावर ऑलिव्हच्या लाकडाचा जाळ करतात, वेताच्या चपट्या कांबीत सहा-एक तारल्या ओवतात, कांब मासळीच्या कण्याखालून जायला पाहिजे म्हणजे शिजल्यावर मासा गळून पडत नाही, आणि ती कांब जाळाच्या बाजूला वाळूत तिरकी खोचून ठेवतात. भाजणारा माणूस वाऱ्याची दिशा बघून कांबी सरकवत असतो. वर फक्त जाडं मीठ. काटा-चमचा मागू नका, हाताने खायचं. मे ते ऑगस्ट तारली चरबीने भरलेली असते, चव तेव्हाचीच. बीचवर पासपोर्ट आणि फोन वाळूत टॉवेलखाली ठेवून सगळे एकदम पाण्यात जाऊ नका, एकाने बाहेर बसायचं.

दहाला परत शहरात आलात की काये लारिओसवर चक्कर मारा, १८९१ मध्ये सुरू झालेला रस्ता, आता पूर्ण पायी, संगमरवरी फरशीचा. उन्हाळ्यात तिथे पांढऱ्या शर्टातले बिस्नागावाले दिसतील. एका रानटी झुडपाचं वाळलेलं बोंड घेतात, त्याच्या एकेका काडीवर जाईची मिटलेली कळी खोचतात, संध्याकाळी सगळ्या कळ्या एकदम उमलतात आणि पांढरा गोल चेंडू तयार होतो. गजऱ्याच्या वासावर वाढलेल्या माणसाने एक तरी घ्यावाच.

हा सगळा प्लॅन उन्हाळ्याचा. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि दुपारी हवा मस्त असते, तेव्हा उलटं करा, सकाळी म्युझियम आणि मार्केट, जेवून किल्ले, संध्याकाळी बंदर. आणि त्याच दिवशी माद्रिदला परतायचं असेल तर रात्री उशिरा ट्रेन नसते, शेवटच्या गाडीची वेळ तिकीट काढतानाच बघा, स्टेशनवर बॅगा स्कॅन होतात म्हणून अर्धा तास आधी पोचा, आणि एस्पेतो दुपारच्या जेवणालाच खाऊन घ्या, चिरिंगितो दुपारीही चालू असतात.