बोर्डोच्या हंगामात मोरचूद जपून हाताळा

पाऊस लागला की करपा, केवडा आणि फळकुजीच्या धास्तीने बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना पाण्यात मिसळून केलेल्या बुरशीनाशकाची, तयारी सुरू होते. फवारताना तोंडाला फडकं बांधणारा माणूस आदल्या रात्री मोरचूद मात्र उघड्या हाताने मोजून बादलीत टाकतो. खरी काळजी घ्यायची ती तिथेच. तयार मिश्रणात चुन्याने तांबं बऱ्यापैकी बांधलेलं असतं. नुसतं मोरचूद पाण्यात झटकन विरघळतं, त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं, आणि डोळ्यात उडालं तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. ओल्या, घामट कातडीवर पडलं तर आग होते, काहींना पुरळ उठतं.

म्हणून गॉगल, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वजन करण्याआधीच चढवावा. भुकटीपेक्षा खडे बरे, ते उडत नाहीत. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण ठरलेलं आहे. मोरचुदाची पुरचुंडी बांधून प्लास्टिकच्या पिंपात पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर टांगून ठेवावी. सकाळपर्यंत आपोआप विरघळते, ढवळत बसावं लागत नाही. लोखंडी किंवा जस्ताचा पत्रा असलेलं भांडं नको. तांबं त्यावर बसतं, भांडं खातं आणि द्रावणाचा जोरही जातो.

चुन्याला कमी लेखू नका. कळीचा चुना विरताना पाणी उकळायला लागतं, शिंतोडे उडतात. चुन्यात थोडं थोडं पाणी घालावं, वाकून आत बघू नये. निवळी गार झाल्यावर गाळून घ्यावी आणि मोरचुदाचं द्रावण चुन्यात हळूहळू ओतत ढवळावं. मग लोखंडी विळ्याचं घासून स्वच्छ केलेलं पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, आणखी निवळी घाला. थर न येईपर्यंत फवारू नये, नाहीतर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. दुसरं औषध मनाने त्यात मिसळू नका.

फवाऱ्याचा धूर नाकात जातो, याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. पोर्तुगालमधल्या द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांब्याचे डाग आणि गाठी सापडल्या आणि १९६९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. फडक्याने बारीक थेंब अडत नाहीत, फवारणीसाठीचा मास्क लागतो. वाऱ्याच्या उलट्या दिशेने तोंड करून फवारू नये, हे वेगळं सांगायला नको.

पोटात गेलं तर मामला गंभीर. निळसर-हिरवी उलटी, पोटात कळा, मग रक्तपेशी फुटणं, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा. पूर्वी मोरचूद उलटी काढायला देत, पण ते विषारी ठरल्याने आता देत नाहीत. कुणी गिळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, पुडक्यावरचं लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, मग डॉक्टरकडे जा. खड्यांचा निळा रंग मुलांना भुरळ घालतो. मोरचूद कुलपात ठेवा, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका.

मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं. फवारलेल्या बांधावर त्यांना चरायला सोडू नका. खुरं बुडवायला ठेवलेल्या मोरचुदाच्या पाण्याला त्यांना तोंड लावू देऊ नका. पंप धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतलं तर मासे मरतात. ते पाणी त्याच पिकावर फवारून संपवणं उत्तम.

सेंद्रियमध्ये चालतं म्हणून मोरचूद निरुपद्रवी, असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. तांबं जमिनीत कुजत नाही, साठत जातं आणि गांडुळांना भोवतं. युरोपीय संघाने हेक्टरी ७ वर्षांत मिळून २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. मोरचुदात पावभाग तांबं धरलं तर एक टक्का मिश्रणाच्या १०० लिटरमध्ये २५० ग्रॅम येतं. आपल्या फवारण्या मोजून वहीत लिहा, आणि पान ओलं झालं की नोझल पुढे सरकवा, थेंब ओघळायची वाट पाहू नका.