‘इन्व्हर्जन’चा अर्थ लावताना या चुका टाळा

शेतकऱ्यांसाठीच्या एका पत्रकाचे भाषांतर तपासत असताना ‘हिवाळ्यात तापमानाचा विपर्यास होतो’ असे वाक्य माझ्यासमोर आले. मराठीत विपर्यास होतो तो बोलण्याचा. एकाने काही म्हणावे आणि दुसऱ्याने त्याचा भलताच अर्थ काढावा. मूळ इंग्रजी शब्द ‘इन्व्हर्जन’, म्हणजे नेहमीचा क्रम उलटा होणे, असा होता आणि कोशातला पहिलाच प्रतिशब्द उचलला गेला होता. ज्या विषयात हा शब्द आला आहे, त्यातला नेहमीचा क्रम कोणता हे आधी पाहिले नाही, तर नेमके काय उलटे झाले ते कळतच नाही.

हवामानातला नेहमीचा क्रम असा, की जमिनीपासून वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. हिवाळ्यातल्या निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री मात्र जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वरचा थर त्यामानाने उबदार राहतो. भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. ही आणि थंडीची लाट एकच समजू नये, कारण लाट म्हणजे नेहमीपेक्षा किती गारठा पडला याचे माप, तर विपरीतता म्हणजे गार थर खाली आहे की वर, याची स्थिती. विपरीततेमुळे प्रदूषण निर्माण होते, हे लिहिणेही चूक आहे. खालची गार, जड हवा वर चढत नाही, म्हणून आधीच सोडलेला धूर अडकून पडतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जे धुरके साचले, त्यातला धूर कोळशाचाच होता. विपरीततेने त्याच्यावर झाकण ठेवले.

शेतात ही स्थिती ओळखायला उपकरण लागत नाही. पहाटे चुलीचा धूर थोडासा वर चढून आडवा पसरला आणि तिथेच तरंगत राहिला, तर विपरीतता आहे असे समजावे. अशा वेळी वारा नाही म्हणून औषध फवारण्याचा मोह होतो, पण बारीक थेंब खाली न बसता हवेत राहतात आणि हळूहळू शेजारच्या पिकावर जातात. ऊन वर येऊन हवा हलू लागेपर्यंत थांबावे. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तिथेही एकच मोठा जाळ करू नये. त्याची तापलेली हवा उबदार थर भेदून वर निघून जाते. लहान लहान शेकोट्या बागेत जागोजागी ठेवल्या, तर ऊब वेलींच्या आसपास राहते.

इंग्रजी व्याकरणातले इन्व्हर्जन म्हणजे कर्ता आणि साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल. आपल्याकडे ‘तू जातोस’ला नुसते ‘का’ जोडले की प्रश्न होतो, क्रम हलत नाही. म्हणूनच आपल्या मुलांच्या तोंडी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ येते. ते ‘व्हेअर आर यू गोइंग?’ असे सुधारून दिले, की लगेच दुसरी चूक सुरू होते आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ असे ऐकू येते. प्रश्न स्वतंत्र असेल तरच अदलाबदल करावी. तो दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की क्रम पुन्हा सरळ होतो आणि ‘व्हेअर ही इज’ असेच म्हणावे लागते. मराठीतल्या ‘आला पाऊस’ला मात्र हा नियम लावू नये, कारण तिथे क्रम केवळ भर देण्यासाठी बदललेला असतो.

ध्वनींचीही अदलाबदल होते आणि तिला वर्णविपर्यय म्हणतात. अशा शब्दांना अडाण्यांचे उच्चार म्हणून बाजूला सारणे मला फार खटकते. ‘वाराणसी’तल्या र आणि ण यांनी जागा बदलल्या आणि ‘बनारस’ झाले. विदर्भातल्या अचलपूरचे ‘एलिचपूर’ही असेच, च आणि ल उलटून आलेले. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी प्राकृताचे व्याकरण लिहिताना या दोन्ही बदलांसाठी सूत्रे दिली, आणि त्यांच्याच जोडीला ‘महाराष्ट्र’ शब्दातल्या ह आणि र यांच्या अदलाबदलीचेही सूत्र दिले. तिच्यातूनच ‘मरहट्ठ’ झाले, मग ‘मऱ्हाटी’, आणि शेवटी ‘मराठी’.