कुठली गाडी? नेव्हिगेशन यंत्र घेण्याआधीची तयारी

“गाडी काढ,” असं घरात कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “कुठली?” आपल्याकडे बाईकही गाडी आणि कारही गाडी. आपल्याला बोलण्याच्या ओघात ते कळतं, यंत्राला कळत नाही. म्हणून दोन्हींसाठी मिळून एकच नेव्हिगेशन घ्यायचं असेल तर पहिलं काम घरीच करायचं आहे. गेल्या वर्षभरात कुठल्या गाडीवर कुठे गेलो ते एका कागदावर लिहून काढा. आपल्या नाशिकहून कारचे फेरे ठाणे, पुणे, शिर्डी असे निघतील. बाईकचे हरिहर, भंडारदरा, सापुतारा, भर पावसातलं जव्हार. यंत्र निवडायचं ते या दुसऱ्या रकान्याकडे बघून. बाईकवर टिकतं ते कारमध्ये टिकतंच, उलटं मात्र होत नाही. आणि दुसरा रकाना रिकामाच राहिला तर वेगळं यंत्र घेऊच नका. फोन, बरा होल्डर आणि डाउनलोड केलेले नकाशे एवढ्यात काम होतं. कारच्या स्क्रीनवर फोनचा नकाशा दाखवणारं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर होल्डरही नको.

यंत्र हातात आलं की सर्वात आधी त्याला घोटी ते भिवंडी रस्ता विचारा, एकदा कार निवडून आणि एकदा मोटरसायकल निवडून. या एका प्रश्नात दोन परीक्षा होतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. कारला तो रस्ता दिसलाच नाही तर आतला नकाशा त्याच्याही आधीचा आहे, आणि प्रत्यक्ष गेलात तर स्क्रीनवरची गाडी भातखाचरातून पळताना दिसेल. मोटरसायकलला मात्र यंत्रानं समृद्धी दाखवता कामा नये, कारण तिथं दुचाकीला बंदी आहे. तिला कसारा घाटानंच नेलं पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांचंही तसंच. मोटरसायकलचं चित्र निवडता येतं म्हणजे यंत्राला आपल्याकडची बंदी ठाऊक आहे, असं धरून चालू नका. चित्र बदलतं आणि रस्ता तोच राहतो, असं बऱ्याचदा होतं.

बाहेरदेशातून कुणी यंत्र आणून देणार असेल तर आणखी एक चौकशी करा: त्यात भारताचा नकाशा आहे का? अमेरिकेत किंवा युरोपात विकलेल्या यंत्रात बहुधा तिथलाच नकाशा असतो, आपला वेगळा विकत घ्यावा लागतो. गार्मिनच्या बऱ्याच यंत्रांत ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून केलेले फुकट नकाशे टाकता येतात, पण हे स्वतः करायची हौस हवी. गार्मिनचं झुमो किंवा टॉमटॉम रायडर ही खास बाईकवाल्यांची यंत्रं. वापरलेलं घेताना नकाशा अजून अद्ययावत होतो का, हे विकणाऱ्यासमोर करून बघा. सिंहस्थाच्या निमित्तानं नाशिक शहरातले रस्ते बदलत राहणार, जुन्या नकाशावर पंचवटीत शिरणं म्हणजे डोक्याला ताप.

मग नावं शोधून बघा. त्र्यंबक रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहितात, सप्तशृंग गडाचं विचारूच नका. नुसतं ‘वणी’ टाकलं तर यंत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला, विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यायला तयार होतं. पिंपळगावं तर मोजावीत तितकी थोडी. म्हणून अक्षांश-रेखांश टाकायची सोय आहे का आणि ती कुठल्या पद्धतीची, हे आधीच बघून ठेवा. २०.५० अंश आणि २० अंश ५० मिनिटं या दोन वेगळ्या जागा आहेत. २०.५० म्हणजे २० अंश ३० मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे चूक ३७ किलोमीटरची. ट्रेकवाल्या मित्रांकडून जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेची नोंद असलेल्या फाइल, मिळत असतील तर तीही एक टाकून बघा.

आता बाईकचं. आपल्याकडचा खरा परीक्षक म्हणजे इगतपुरीचा पाऊस. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारं. पण चार्जिंगची पिन खोचलेली असताना तो भाग उघडा राहतो का, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, ते विचारावं लागतं. फोनच्या स्क्रीनवर पावसाचे थेंब पडले की तेच बोटं होतात, नकाशा आपोआप सरकत राहतो. हातमोजे घालून स्क्रीन चालवून बघा, दुकानदार हसला तरी. एप्रिलच्या दुपारी उन्हात धरून बघा. फोन तापला की स्वतःच उजेड कमी करतो आणि नेमक्या फाट्यावर काळा आरसा होऊन बसतो. शिवाय थरथर. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. फोनच लावायचा असेल तर होल्डरखाली हादरे शोषणारा रबरी तुकडा घ्या. एमजी रोडवर होल्डर ढिगानं मिळतात, पण चुटकीसरशी बसणारा होल्डर खड्ड्यात तितक्याच सहज निघतो.

वायरिंगवर मी हात पोळून घेतलेत. एका मेकॅनिकनं माझ्या जुन्या बाईकचा चार्जर हेडलाइटच्या वायरीवरून काढून दिला. छोट्या बाईकवर हेडलाइट बऱ्याचदा बॅटरीऐवजी थेट इंजिनाच्या कॉइलवर चालतो. ॲक्सिलरेटर पिळला की चार्जिंग सुरू, सिग्नलला थांबलो की बंद, आणि आठवड्याभरात चार्जरच गेला. लाइन बॅटरीवरूनच घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका आणि चावी बंद केली की प्रवाह तुटेल असं बघा. जुनी राजदूत किंवा येझदी असेल तर बॅटरी ६ व्होल्टची आहे का ते आधी पाहा, १२ व्होल्टचा चार्जर तिथं चालायचा नाही. कारमध्ये यातलं काहीच नाही, फक्त यंत्राला स्वतःचा स्पीकर आहे का ते विचारा. बाईकच्या काही यंत्रांचा आवाज ब्लूटूथनं हेल्मेटमध्येच येतो, मग कारमध्ये ते मुकं.

उपग्रहांबद्दल दुकानदार खूप बोलेल. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेईडू, आपलं नाविक अशी नावं वाढली की घाटात कड्याआड गेल्यावर थोडा फायदा होतो, आणि एल १ व एल ५ अशा दोन्ही लहरी पकडणारं यंत्र कड्यावरून परावर्तित झालेल्या सिग्नलला कमी फसतं. एवढंच. नाशिकच्या द्वारका चौकात आपण उड्डाणपुलावर आहोत की खाली, हे दोन्ही रस्ते एकावर एक असल्यामुळे चांगल्या यंत्रालाही चटकन उमगत नाही. समृद्धीवरच्या इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाहीत, यंत्र आधीच्या वेगावरून अंदाज बांधतं.

सेटिंगमध्ये ‘सर्वात जवळचा रस्ता’ बंद करा आणि कच्चे रस्ते टाळायला सांगा. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्याची एक कार अकोले तालुक्यात, नकाशाच्या भरवशावर रात्री धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालक बुडाला. पूल नकाशावर होता, पाणी नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात: २०२० च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातातलं यंत्र केवळ रस्ता पाहण्यासाठी, आणि लक्ष ढळणार नाही अशा तऱ्हेनं, वापरायला मुभा आहे. उपग्रहावरून निरोप पाठवणारं गार्मिन इनरीच मात्र कुणी कितीही कौतुक केलं तरी आणू नका. सरकारी परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं भारतात गुन्हा ठरतं, आणि विमानतळावर पर्यटकांना त्यापायी अडकवल्याची उदाहरणं आहेत.

शेवटी, पहिला प्रवास ओळखीच्याच रस्त्यानं करा. उपग्रह सापडावेत म्हणून यंत्र पाच-दहा मिनिटं अंगणात उघड्यावर ठेवा, मग त्र्यंबकला बाईकनं जाऊन या आणि पुढच्या रविवारी कारनं. वळण किती आधी सांगतं, चुकलो तर किती लवकर सावरतं, हे रस्ता पाठ असतानाच कळतं. भंडारदऱ्याला निघाल तेव्हा एक कागद टाकीवरच्या बॅगेत असू द्या: घोटी, बारी, शेंडी. पेन्सिलनं लिहा, पावसात शाईपेनाची शाई पसरते.