साठीनंतरची पहिली कादंबरी: खर्ड्यापासून प्रकाशकापर्यंत

साठीनंतर कादंबरी लिहायला बसणाऱ्याला मजकूर कमी पडत नाही, जास्त होतो. जन्म, शाळा, नोकरी, लग्न, मुलांची लग्नं, निवृत्ती असं ओळीने मांडत गेलात की तयार होते ती सेवापुस्तिका. म्हणून आधी एक तुकडा कापून घ्या: एक घर, दोन-तीन वर्षं, एक न सुटलेला प्रश्न. वाटणीत विहीर कोणाकडे जाणार, एवढ्यावरही दोनशे पानं उभी राहतात.

डेमी म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या छापील पानात साधारण 250 शब्द बसतात, म्हणजे दोनशे पानांना 50,000. रोज 250 शब्द, आठवड्यातून पाच दिवस लिहिले तर 40 आठवड्यांत कच्चा खर्डा हातात येतो. फुलस्केपचं एक पान भरलं की उठा. उत्साहाच्या भरात रोज आठ पानं ओढणाऱ्यांची मान आणि पाठ तिसऱ्या आठवड्यात कुरकुरायला लागते, आणि मग वही मिटते ती मिटतेच.

सुरुवातीलाच एका कागदावर काळाचा तक्ता आखा. पहिल्या रकान्यात वर्ष, मग प्रत्येक पात्राचं वय, शेवटी त्या वर्षीची बाहेरची घटना. नुसत्या आठवणीवर विसंबलं की इथेच घोळ होतो. 1972 च्या दुष्काळात सुकडी खाणारा दहा वर्षांचा पोरगा 1993 च्या किल्लारी भूकंपात 31 वर्षांचा असला पाहिजे. खर्ड्यात तो हमखास पंचविशीतला निघतो. 1975 साली गावातून मुंबईला फोन करायचा तर ट्रंक कॉल लावून ताटकळावं लागणार, तिथे एसटीडी बूथ आणू नका. असे अडथळे आले की खरं तर खूश व्हा. कॉल लागेपर्यंतच्या दोन तासांत पोस्टाच्या बाकड्यावर एक अख्खं प्रकरण घडू शकतं.

सगळ्यात जास्त मेहनत विशेषणं काढण्यावर घ्या. ‘तात्या फार चिक्कू होते’ हे वाक्य कुठल्याही तात्यांना लागू पडतं. ‘तात्या पेस्टची संपलेली ट्यूब ओट्यावर ठेवून लाटणं फिरवायचे, आणि मग कात्रीने कापून आतून ब्रश फिरवायचे’ म्हटलं की माणूस समोर येतो. पण तेवढ्यावर थांबलात तर तो नुसता किस्सा झाला. सुनेने हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नवी ट्यूब गुपचूप आपल्या खोलीत नेली. आता कादंबरी हलली.

नातेवाइकांचं काय? नुसतं नाव बदलून भागत नाही, चुलतभाऊ स्वतःला बरोबर ओळखतो. व्यवसाय, गाव, भावंडांची संख्या बदला, किंवा दोन माणसांचं मिळून एक पात्र करा.

हाताने लिहीत असाल तर रोज संध्याकाळी पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टंकलेखन युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच दिसतील. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. बोलून टाइप करायची सोय डोळ्यांना बरी, पण ती बोलीभाषेतले शब्द परस्पर ‘शुद्ध’ करून टाकते. संवाद हातानेच तपासा.

खर्डा झाला की दोन महिने कपाटात ठेवा. नंतर मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. ‘आमच्या वेळी’ छापाची भाषणं काढून टाका. पहिलं प्रकरणही बहुधा जातं, कारण गोष्ट दुसऱ्यात सुरू झालेली असते.

प्रकाशकाकडे पूर्ण हस्तलिखित, एक पान गोषवारा आणि चार ओळींचा परिचय पाठवा. मूळ प्रत कधीच नाही. पैसे भरून छापायचं ठरलं तर आधी प्रती किती, विकणार कोण आणि उरलेल्या कुठे राहणार हे लेखी घ्या, नाहीतर पाचशे प्रती तुमच्याच पलंगाखाली येतात. स्वतःच प्रकाशित करत असाल तर भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, सरकारकडून विनाशुल्क मिळतो. त्याचे पैसे कोणी मागितले तर कशाचे ते विचारा. करारात अनुवाद, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क वेगवेगळे लिहिलेले आहेत ना, तेही पाहा. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, तेव्हा वारसाचं नाव मृत्युपत्रात घालून ठेवा.