अर्धघन ॲल्युमिनियम : कण गोल होत नाहीत? आधी प्रेसकडे बघा

ॲल्युमिनियमची बिलेट (धातूचा ठोकळा) आधी प्रेसखाली दाबायची, मग अर्धवट वितळेपर्यंत भट्टीत तापवायची, की द्रवात गोल कण असलेला अर्धघन धातू मिळायला हवा. पण पॉलिश-एचिंग (रसायनाने हलकं कोरणं) केलेला तिचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, गोल कणांऐवजी वेडेवाकडे, एकमेकांना चिकटलेले कण दिसले, की हात भट्टीच्या तापमानाकडे जातो. इथेच गाडी चुकते. दाबताना धातूत साठलेल्या ऊर्जेच्या जोरावर पुनर्स्फटिकीकरण होऊन बारीक कण तयार होतात. मग त्यांच्या सीमांमध्ये द्रव शिरतो आणि कण सुटे होऊन गोलावतात. साठाच नसेल तर भट्टी काय करणार?

सगळ्यात फसवी चूक असमान दाबाची. बिलेट प्रेसखाली चेपली, की डायला टेकलेली दोन्ही तोंडं घर्षणाने जखडतात आणि मधला भाग पिंपासारखा फुगतो. मधोमध भरपूर विकृती (आकारबदल), तोंडांशी जवळपास नाहीच. तापवल्यावर त्याच तुकड्यात मध्ये छान गोल कण आणि टोकांना ओतकामात फांद्यांसारख्या वाढलेल्या स्फटिकांचे अवशेष! नमुना फक्त मधून कापला तर हे कळतही नाही. उभा छेद घ्या, डायला वंगण लावा, टोकं छाटून टाका.

दाबतानाचं तापमान पुनर्स्फटिकीकरणाच्या खालीच ठेवा. ॲल्युमिनियम साठवलेली ऊर्जा चटकन सोडून देतं, म्हणून नंतरही रेंगाळत तापवू नका.

दुसऱ्या मिश्रधातूचं तापमान उसनं घेणं हाही नेहमीचा घोळ. ए३५६ या सिलिकॉनयुक्त मिश्रधातूमध्ये ५७५ अंश सेल्सिअसच्या आसपास युटेक्टिक (जवळपास एकाच तापमानाला वितळणारा भाग) वितळतं आणि थोडक्या अंशांत बराच द्रव होतो. ७०७५ ही जस्तयुक्त मिश्रधातू मात्र साधारण ४७७पासून ६३५पर्यंत हळूहळू वितळते, त्यामुळे ५८०ला ती अजून घट्टच. थिक्सोफॉर्मिंगला (अर्धघन बिलेट साच्यात दाबून वस्तू घडवायला) साधारण ३० ते ५० टक्के द्रव लागतो. जास्त झाला तर बिलेट स्वतःच्या वजनाने खालून पसरते. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या हवेत लटकवू नका, चाचणीच्या बिलेटमध्ये मध्यापर्यंत भोक पाडून बसवा.

‘अजून दहा मिनिटं ठेवू, आणखी गोल होतील’ हा मोहही टाळा. गोल होतात खरे, पण मोठे कण लहानांना गिळून जाड होत जातात.

आणि कणांची रचना आहे तशी गोठवायला नमुना पाण्यात बुडवतो, तर भट्टीपासून त्या टाकीपर्यंतची चाल? नमुना वाटेत थंडावला, की द्रवाचा काही भाग आधीच्या कणांवरच गोठतो. फोटोत द्रव कमी दिसतो, आपण तापमान वाढवतो, आणि पुढची बिलेट भट्टीतच ढासळते.