चाहत्यांची फँटसी फिल्म: लोकरीचं चिलखत आणि भरदुपारची रात्र

टोल्कीनच्या जगावर बेतलेली ‘द हंट फॉर गॉलम’ ही साधारण चाळीस मिनिटांची फिल्म ब्रिटनमधल्या हौशी मंडळींनी २००९ मध्ये सुमारे ३,००० पौंडांत उभी केली. त्याच वर्षीची ‘बॉर्न ऑफ होप’ सुमारे २५,००० पौंडांची. आकडे वाचून हुरळू नका, पहिलीसाठी शंभराहून जास्त माणसं फुकट राबली होती. घ्यायचं ते वेगळंच: दोन्हींचं बीज टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीच्या परिशिष्टांतल्या मोजक्या परिच्छेदांत आहे.

प्रसंग निवडा. मूळ लेखकाने दोन ओळींत उरकलेली घटना शोधा. तीन पात्रं, एक जंगल, एक पाठलाग. महाल आणि ड्रॅगन सोडा. पहिल्या खेपेला संहिता पंधरा पानांच्या आत ठेवा. एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट.

हक्कांचं बघा. ‘फुकट दाखवतोय, मग कसली हरकत?’ हे कायद्यात टिकत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. टोल्कीन १९७३ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं इथे २०३३ अखेरपर्यंत संरक्षित. विनानफा फिल्मकडे हक्कधारक बरेचदा काणाडोळा करतात, पैसा आला की मात्र करत नाहीत. हॅरी पॉटरच्या जगावरच्या ‘व्होल्डेमॉर्ट: ओरिजिन्स ऑफ द एअर’ची निधीमोहीम पॉटर सिनेमांची कंपनी वॉर्नर ब्रदर्सच्या आक्षेपानंतर बंद पडली, फिल्म २०१८ मध्ये यूट्यूबवर फुकट आली. तेव्हा तिकीट नको, टी-शर्ट नको, आणि मूळ सिनेमाचं संगीत दहा सेकंदही नको. किल्ल्यावर किंवा अभयारण्यात चित्रीकरण असेल तर पुरातत्त्व किंवा वनखात्याची परवानगी आधी हातात हवी.

चिलखत विणा. खरं कड्यांचं चिलखत दहा किलोंच्या आसपास भरतं. ते घालून नट दिवसभर पळणार नाही. रंगभूमीवरची जुनी युक्ती वापरा. जाड करडी लोकर, १० मिलिमीटरच्या सुया, सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या. मांडीपर्यंतच्या सदऱ्याला किलोभर लोकर धरा. विणून झालं की आडवं पसरून आधी काळा रंग मारा आणि पूर्ण वाळू द्या. मग ब्रश चंदेरी रंगात बुडवून वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फक्त टाक्यांच्या उंचवट्यांवरून फिरवा. खोलगट भाग काळाच राहिला पाहिजे. काळा थर गाळून थेट चंदेरी फवारा मारलात तर पडद्यावर चकाकणारा स्वेटर दिसतो. रंगाच्या वजनाने विणकाम लोंबतं, म्हणून चार-पाच बोटं आखूड विणा, ओलं असताना टांगू नका आणि कमरेला पट्टा आवळा.

तलवारीसाठी फायबरग्लासच्या कांबीवर दोन्ही बाजूंनी ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यात असतो तसा) चिकटवा. कांब टोकाच्या दोन इंच आधी संपवा, नाहीतर ती फोम फोडून बाहेर येते आणि डोळ्यात जाऊ शकते. रंगाआधी हीट गन फिरवा, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो.

कॅमेरा. सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/५० सेकंद. भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ २.८ (भिंगाचं छिद्र मोठं) ठेवायचं तर सहा स्टॉप प्रकाश जास्त होतो, दर स्टॉपला प्रकाश दुप्पट. एनडी ६४ फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी काळसर काच, भिंगावर लावा. शटरचा वेग वाढवून वेळ मारून नेलीत तर धावणारा माणूस झटके देत धावतो.

रात्र दुपारीच करा. सूर्य पात्राच्या पाठीमागे, आभाळ चौकटीबाहेर, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा) ३२०० केल्विनवर म्हणजे चित्र निळसर होतं, एक्सपोजर दीड-दोन स्टॉप खाली. आभाळाचा एक तुकडा जरी फ्रेममध्ये आला तरी सगळं उघडं पडतं.

आवाज. हौशी फिल्म चित्रापेक्षा आवाजात जास्त मार खाते. माइक नटाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, वर केसाळ टोपी. नुसता स्पंज वाऱ्यापुढे टिकत नाही. रातकिड्यांची किरकिर प्रत्येक टेकला बदलते आणि कटच्या जागी खट्कन तुटते. त्यासाठी जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसतं जंगल रेकॉर्ड करा आणि तोच थर संपूर्ण प्रसंगाखाली अंथरा. संवाद वाया गेलेच तर कपड्यांनी भरलेल्या कपाटात तोंड घालून पुन्हा बोलवून घ्या. तिथे आवाज घुमत नाही.