०.३५ मोठं की ०.५? भाजीच्या काट्यावर बघा

माझ्या पाचवीतल्या भाचीने ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं लिहिलं होतं, का तर पस्तीस पाचापेक्षा मोठे. ही चूक बऱ्याच मुलांची होते आणि त्याला कारण आपणच, आपण घरी "शून्य पॉइंट पस्तीस" असं वाचतो. "शून्य पॉइंट तीन पाच" असंच वाचायची सवय लावा, अर्धं काम तिथंच होतं.

बाकीचं काम भाजीच्या काट्यावर. पंचवटीत द्राक्षं घेताना मी तिला डिजिटल काटा वाचायला लावला, ०.३५० म्हणजे ३५० ग्रॅम आणि ०.५०० म्हणजे अर्धा किलो, मग जास्त द्राक्षं कशात ते तिनंच लगेच सांगितलं. पॉइंटनंतरचा पहिला आकडा दशांश म्हणजे शंभर शंभर ग्रॅमचा, दुसरा शतांश म्हणजे दहा दहाचा, तिसरा सहस्रांश म्हणजे एकेक ग्रॅमचा. वहीत पण तुलना करताना मागे शून्य लावून आकडे सारखे करून घ्यायचे, ०.५ चं ०.५०, किंमत तीच राहते. फक्त शून्य पॉइंटच्या लगेच पुढे घुसवू नका हां, ०.०५ किलो म्हणजे फक्त ५० ग्रॅम! आणि २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पन्नास पैसे, पाच पैसे नाही, हे एकदा विचारून बघाच.